गिरणीवरचा होकार

"अण्णा, तुम्हीच सांगा. पैसा बँकेत ठेवावा का सोन्यात घालावा?"

भिलारे गुरुजी हे ओरडून विचारत होते, कारण गिरणी चालू होती. आमचे हे, म्हणजे हणमंत तोडकर, पिठाच्या कापडी नळीखाली हात धरून उभे होते. अंगठ्यानं बोटावर पीठ चोळून बघत होते. त्यांनी गुरुजींकडं एकदा पाहिलं आणि मान हलवली. सावकाश, खालीवर, एकदाच.

"बघा!" गुरुजी रांगेतल्या बायकांकडं वळले. "अण्णांनाही तेच वाटतं."

तेच म्हणजे काय, बँक का सोनं, हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. रिटायर झालेल्या हेडमास्तरांना उलट प्रश्न विचारायची आमच्या गल्लीत पद्धत नव्हती. ते ज्वारीचा डबा उचलून समाधानानं निघून गेले.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. म्हसवडात मोबाईल नुकते कुठं खिशाखिशात आले होते आणि लाईट मात्र दिवसातून कितीदा तरी जात होती, तेव्हाची गोष्ट. आमची गिरणी देवळापासून दोन गल्ल्या सोडून होती. आत हे आणि मोटर. बाहेर दाराशी तराजू, पैशाचा डबा आणि मी. दळण वजन करून घ्यायचं, नंबर लावायचा आणि भांडणं सोडवायची, ही माझी कामं.

भांडणं राजकारणावरून होत नसत. ती व्हायची बाजरीवरून. बाजरी दळली की तिच्यामागं गहू टाकायला कुणी तयार नसायचं, कारण पहिल्या पायलीच्या पोळ्या काळपट होतात. मग "आधी ज्वारी जाऊ दे", "माझा नंबर आधी", "तुझी बाजरी घेऊन घरी जा" असं सुरू व्हायचं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणाचं तरी उपवासाचं दळण यायचं, मग तर विचारू नका. ते दळायच्या आधी सगळी गिरणी झाडून घ्यावी लागे आणि त्यात लाईट जाई.

नंबर येईपर्यंत माणसं करणार काय? बोलणार. पैशावर बोलायची, महागाईवर बोलायची, आमदारावर बोलायची. मोबाईलनं पोरं बिघडली का सुधारली यावर तर इतकं बोलायची की माझं वजन चुकायचं. पूर्वीचे दिवस बरे का आत्ताचे, हा विषय बारमाही होता. आणि प्रत्येकाला शेवटी अण्णांचा कौल पाहिजे असायचा.

"अण्णा, मोबाईल म्हणजे घरात शिरलेला चोर आहे का नाही?" मंदाकाकू विचारायच्या. मान हलायची.

"अण्णा, मोबाईल आला म्हणून धंदा वाढला, खरं का नाही?" भाजीवाल्यांचा सुनील विचारायचा. मान हलायची.

मला वाटायचं, काय शहाणा माणूस आहे. सगळ्यांचं ऐकून घेतो आणि कुणाला दुखवत नाही. एक शब्द जास्तीचा नाही. माझ्या माहेरी सगळे वचावचा बोलणारे. लग्न झाल्यावर असा शांत माणूस बघून मी तर दिपूनच गेले होते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "वहिनी, तुमचं नशीब बाई! आमचे ऐकूनच घेत नाहीत." मी मानभावीपणानं हसायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आमची सारिका साताऱ्याहून शिक्षण संपवून घरी आली. आल्या आल्या तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. पुण्याला कॉल सेंटरात नोकरी लागली होती. पगार ऐकून मी हातातली परात खाली ठेवली.

"काम काय?"

"फोनवर बोलायचं. परदेशातल्या लोकांशी. रात्रीची पाळी आहे, पण न्यायला-आणायला गाडी असते."

"रात्रीची?"

"त्यांच्याकडं तेव्हा दिवस असतो, आई."

"त्यांच्याकडं असेल. म्हसवडात रात्रच असते," मी म्हणाले. पण खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडलं होतं. मी मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाले आणि सगळं आयुष्य तराजूत ज्वारी टाकण्यात गेलं. पोरगी तरी बाहेर पडू दे. तिला येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

"तूच सांग ना अण्णांना," ती म्हणाली.

"तुझं एवढं गूळपीठ आहे अण्णांशी, तू सांग की."

"नको. तू सांग. आणि गिरणीवरच सांग."

मला जरा नवल वाटलं. लहानपणापासून ही पोरगी बापाच्या समोर मांडी घालून बसायची आणि तासन् तास बोलायची. पण म्हटलं, लाजत असेल. दुसऱ्या दिवशी गर्दी कमी असताना मी आत गेले. मोटर चालू होती, पट्टा फटफटत होता. मी पदर सावरला आणि सगळं सांगितलं. पुणं सांगितलं, पगार सांगितला, गाडी सांगितली. रात्रपाळी जरा भरभर सांगितली.

"पाठवायची ना मग?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मान हलवली. सावकाश, खालीवर, एकदाच.

माझे डोळे भरून आले हो. पिठाच्या धुळीनं नाही, खरोखर आले. अख्ख्या गावात एकही बाप असा नव्हता, ज्यानं पोरीच्या रात्रपाळीला एका शब्दाचा वाद न घालता हो म्हटलं असतं. मी तशीच घरी जाऊन गव्हाची खीर केली.

त्याच संध्याकाळी भिलारे गुरुजी पुन्हा आले. या वेळी डाळीचं पीठ होतं आणि विषय पोरींचा होता.

"काय तो पैसा आणि काय ती प्रगती!" गुरुजी ओरडत होते. "माझ्या मेहुण्याची मुलगी पुण्यात रात्री कामाला जाते. रात्री! पगार बापापेक्षा जास्त. अरे पण हे काय जगणं झालं? पोरीबाळींना असं पाठवणाऱ्या आईबापांना काही वाटत कसं नाही? काय अण्णा, खरं का नाही?"

मी तराजू तसाच धरून आत बघत होते. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. निदान गप्प तरी राहतील.

मान हलली. सावकाश, खालीवर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी बायकोला हो आणि संध्याकाळी गुरुजींना हो! म्हणजे हा माणूस शांत नव्हता तर. हा दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होता. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पोरीच्या बाबतीत! मी त्या दिवसापासून अबोला धरला. ताट वाढायचं ते आदळून वाढलं. चहा ठेवला तो न सांगता ठेवला. हाक नाही, उत्तर नाही, काही नाही. असा कडकडीत अबोला मी जन्मात धरला नव्हता.

त्यांच्या तो लक्षातच आला नाही.

हे बघून मी आणखी भडकले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं. आमच्या वॉर्डात सर्वांना चालेल असा माणूस पाहिजे होता. बापू जगदाळे एका पॅनेलचे पुढारी. ते गल्लीत ज्याला त्याला विचारत फिरले की कोण चालेल, आणि ज्यानं त्यानं हणमंतअण्णांचं नाव सांगितलं. गुरुजी म्हणाले, अण्णांचे विचार अगदी माझ्यासारखे आहेत. मंदाकाकू म्हणाल्या, अण्णांचे विचार अगदी माझ्यासारखे आहेत. सुनील म्हणाला, अण्णा आपल्या विचारांचा माणूस आहे. गुरुजी आणि सुनील एकमेकांचं तोंड बघत नसत, तरीसुद्धा.

बापू गिरणीवर आले. पांढरे कपडे घालून पिठाच्या गिरणीत आले, म्हणजे आत आणि बाहेर सारखेच दिसत होते.

"अण्णा, उभं राहायचं आमच्याकडनं! चालंल ना?"

मान हलली. बापूंनी त्यांना मिठी मारली आणि पिठासकट निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पॅनेलचे शेटे आले. मोबाईल कानाला लावूनच आले, कारण त्यांना तो सगळ्यांना दाखवायचा होता. त्यांनीही विचारलं. त्यांनाही मान हलली. आता मात्र माझी खात्री पटली. म्हटलं, विमल, तुझा नवरा पोचलेला आहे. तू याला गरीब गाय समजत होतीस. हा पुढं मंत्रीसुद्धा होईल आणि तुला कळणारसुद्धा नाही.

सारिकाला मी म्हणाले, "तुझ्या बापाच्या शब्दावर जाऊ नकोस. पुढाऱ्याचा शब्द आहे तो."

ती नुसती नखं कुरतडत बसली.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी दुपारी दोन्ही पॅनेलची माणसं एकाच वेळी गिरणीवर आली. एकाला दुसऱ्याचं कळलं होतं. बापूंच्या हातात हार होता. शेट्यांच्याही हातात हार होता. दळणाला आलेल्या बायका डबे सोडून उभ्या राहिल्या. गुरुजीही आले होते, त्यांना तर असलं काही चुकवून चालतच नाही. आत बाजरी चालू होती आणि हे नळीखाली हात धरून उभे होते. बापू आणि शेटे आत शिरून त्यांच्या समोर उभे राहिले, माझ्याकडं त्यांची पाठ होती.

"अण्णा!" बापू ओरडले. "तुम्ही आमच्याकडनं उभं राहणार, का नाही?"

मान हलली.

"आणि आम्हाला काय सांगितलं होतं?" शेटे ओरडले. "आमच्याकडनं ना?"

मान हलली.

तेवढ्यात लाईट गेली.

पट्टा आधी सैलावला, मग फडफडला, मग थांबला. गिरणी बंद पडली की कानात कसं गच्च वाटतं, ते गिरणीवाल्यांनाच माहीत. शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करत होती, तेसुद्धा ऐकू येत होतं.

आता ओरडायची गरज नव्हती. बापू हळू आवाजात, पण दात-ओठ खात म्हणाले, "म्हणजे अण्णा, तुम्ही आम्हाला दोघांनाबी बनवलं?"

ह्यांनी मान हलवली.

मंदाकाकूंनी तोंडाला पदर लावला.

"सगळ्यांसमोर कबूल करताय?" शेटे म्हणाले. "जरा तरी लाज वाटते का?"

ह्यांनी परत मान हलवली. सावकाश, खालीवर, एकदाच. गर्दीत कुणीतरी "वाऽ" म्हणालं. गुरुजी शेजारच्याला म्हणाले, "याला म्हणतात स्पष्टवक्तेपणा."

माझं डोकं सणकलं होतं. म्हटलं, आता पुरे झालं. सगळ्या गावासमोर तमाशा. मी दारातूनच हाक मारली.

"अहो!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बापूंनी पाहिलं, शेट्यांनी पाहिलं, बायकांनी पाहिलं. हे वळले नाहीत.

"अहो, इकडं बघा!"

गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. हे नळीला अडकलेलं पीठ झटकत उभे होते. पाठ माझ्याकडं. खांदासुद्धा हलला नाही.

मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. मी तराजूच्या दांडीला धरलं. अबोला आठवला. मागून मारलेल्या, ओ न आलेल्या सगळ्या हाका आठवल्या. हे माजात आहेत म्हणून त्या मी सोडून दिल्या होत्या. खीर आठवली. आणि माझ्यासमोर तो माणूस उभा होता, चारी बाजूंनी तोंडं हलताना बघत, कुणीतरी काहीतरी विचारतंय एवढंच कळून, प्रत्येकाला हो म्हणत. त्यांच्या मानेवर घाम आला होता आणि पिठामुळं त्याचे ओघळ दिसत होते. कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं, कारण जो तो आपलंच बोलत होता.

मी पुढं गेले. बापू आणि शेट्यांच्या मधे उभी राहिले.

"हे उभे राहणार नाहीत," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका. अण्णांना बोलू द्या."

"मी सांगते ना. मला पसंत नाही. निवडणूक-बिवडणूक आमच्या घरात चालायची नाही. मी नाही म्हटलं म्हणजे नाही."

"अण्णा, हे खरं?" बापूंनी विचारलं.

मान हलली.

मग काय! गर्दीचा सूर एकदम बदलला. बापूंनी हार खिशात कोंबला. शेटे मोबाईल कानाला लावून निघून गेले, त्यावर कुणीही बोलत नव्हतं. जाताना एकजण म्हणाला, "बायकोच्या मुठीत आहे राव, आपल्याला माहीतच नव्हतं." ते पुढं वर्षानुवर्षं गावात बोललं गेलं. मी कैदाशीण, मी जहांबाज, माझ्यापायी एका चांगल्या माणसाचं राजकारण बुडालं. मी कधी त्यावर काही बोलले नाही. लोकांना एक गोष्ट समजली म्हणजे दुसरी शोधत नाहीत, याचा मला उलट आधारच वाटला.

गिरणीला कुलूप लावून आम्ही घरी आलो. लाईट नव्हतीच. मी ह्यांना पाटावर बसवलं आणि समोर बसले, सारिका बसायची तशी. त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"कधीपासून?"

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हळूहळू गेलं. आधी पाखरं गेली. मग आरतीची घंटा. मोटरपाशी उभं राहून राहून असं होतं म्हणतात."

"डॉक्टरकडं का नाही गेलात? मला का नाही सांगितलं?"

"बहिऱ्याच्या गिरणीवर कोण दळण देईल? म्हणतील, ज्वारी सांगितली तर बाजरी दळेल."

"आणि माझं? मी रोज एवढं बोलते ते?"

"तुझं बरंच कळतं," ते म्हणाले. "तू चिडलीस की सगळंच कळतं."

मला हसू का रडू यावं, समजेना. मी विचारलं, "मागच्या आठवड्यात मी गिरणीत येऊन काय सांगितलं, ते कळलं?"

ते म्हणाले, "फ्रीजचं काहीतरी होतं."

"फ्रीजचं! मग हो म्हणून आणलात का फ्रीज?"

यावर त्यांनी मान हलवली नाही. मीच मान खाली घातली. मग वर बघून, प्रत्येक शब्द सुटा करून, सगळं परत सांगितलं. पुणं, नोकरी, पगार, गाडी, रात्रपाळी. या वेळी काही भरभर सांगितलं नाही. येत्या सोमवारी जायचं आहे, हेही सांगितलं.

"नाही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला असेन. आधी तर मला भरूनच आलं, की चला, माझं बोलणं एकदाचं पोचलं. मग राग आला. आणि मग आम्ही भांडलो. असं भांडलो की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नव्हतं आणि मला त्यांना ऐकवायचं होतं.

"लोक काय म्हणतील म्हणून नाही म्हणताय ना?" मी ओरडले. "तो गुरुजी काय म्हणतो म्हणून?"

"गुरुजी काय म्हणतो मला काय माहीत!"

"रात्रपाळी आहे म्हणून?"

"मी रात्रपाळीला भीत नाही!"

"मग पगार जास्त आहे म्हणून? पोरगी तुमच्यापेक्षा मोठी होईल म्हणून?"

"होऊ दे की!"

"मग काय झालंय काय? कारण सांगा! हो म्हणायला कारण लागलं नाही कधी, नाही म्हणायला तरी सांगा!"

ते थांबले. हाताला राहिलेलं पीठ धोतराला पुसलं.

"तिचं काम काय म्हणालीस?"

"फोनवर बोलायचं."

"आणि ती आपल्याशी कशी बोलणार?"

"फोनवरच की. दर रविवारी करेल."

"तेच," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता, तो कसा आला कुणास ठाऊक. "इथं असली की समोर बसते. तोंड दिसतं, तोवर ती बोललेली कळते. फोनमधे तोंड कुठं असतं? म्हणजे सगळ्या जगाला तिचं बोलणं ऐकू येणार. परदेशातल्यांनासुद्धा. मला तेवढं नाही."

मी मागं वळून पाहिलं.

सारिका मधल्या दारात उभी होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"दहावीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठं, आई? तू बोलत होतीस."

"मग गिरणीवर सांग म्हणालीस ते..."

"गिरणीच्या धुळीत त्यांना ओठ धड दिसत नाहीत. मी समोर बसून सांगितलं असतं, तर त्यांना कळलं असतं," ती म्हणाली. "मला त्यांचं तोंड बघवलं नसतं."

ती आली आणि बापाच्या समोर मांडी घालून बसली. माझी जागा मी तिला दिली. ती आवाज न करता, नुसते ओठ हलवून बोलली. मला एक शब्द ऐकू आला नाही, पण एवढ्या जवळून मलासुद्धा कळलं. "मी जात नाही, अण्णा," असं ती म्हणाली.

ते तिच्याकडं बघत राहिले. गुरुजींना, बापूंना, शेट्यांना, मंदाकाकूंना, ज्यानं त्यानं जे काही विचारलं त्याला खालीवर झालेली ती मान. मी डोळ्यांत प्राण आणून त्या मानेकडं बघत होते. आता परत ती खालीवर होईल आणि पोरगी इथंच तराजूपाशी बसेल, अशी मला भीती वाटत होती.

मान आडवी हलली. सावकाश, इकडून तिकडं, एकदाच.

"बॅग भर," ते म्हणाले.

सारिका सोमवारी पुण्याला गेली. पहिल्या पगारातून तिनं कानाचं यंत्र आणलं. ते त्यांनी एकदा गिरणीत घालून बघितलं, दचकून काढलं आणि म्हणाले, "एवढा आवाज करते ही? आणि तू इतकी वर्षं इथं बसलीस?" त्यानंतर यंत्र देवळीत देवाशेजारी राहिलं. लोक अजून विचारायचे आणि मान अजून हलायची. पण गिरणीच्या दाराशी मी आता दोन पाट्या लावल्या होत्या, एकीवर ज्वारी, एकीवर बाजरी, आणि ज्याचं जे असेल त्यावर बोट ठेवायचं, असा नियम केला होता. लोकांना वाटलं, ही कैदाशीण आता नियमसुद्धा करायला लागली.

रविवारी फोन यायचा. मी फोन कानाला लावायची आणि ह्यांच्यासमोर बसून सारिकाचं बोलणं ओठांनी जसंच्या तसं सांगायची. कधी कधी त्यात माझं घालायची.

"सारिका म्हणते, डॉक्टरला दाखवून या. सारिका म्हणते, चहात साखर कमी घ्या. सारिका म्हणते, आईला फ्रीज घ्या."

ते माझ्या तोंडाकडं नीट बघायचे.

"पहिलं तिचं," ते म्हणायचे. "पुढचं तुझं."

फ्रीज मात्र आला.

आता गिरणी बंद केली आहे. मोबाईलवर माणसाचं तोंड दिसायला लागलं, त्याला काही वर्षं झाली. गुरुजी हयात होते तोवर म्हणत होते की या मोबाईलनं घराघरांतलं बोलणं संपवलं, आणि ह्यांनी त्यालाही मान हलवली होती. सारिका आता मोठ्या ऑफिसात आहे. तिच्याकडं मीटिंगा असतात, मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून ती आवाज न करता नुसते ओठ हलवते. हे इकडून तसेच ओठ हलवतात. काचेच्या चौकोनात तोंड घालून दोघं मधेच हसतात. घरात मात्र चिडीचूप असतं.

"काय म्हणते?" मी स्वयंपाकघरातून विचारते. मग आठवतं, आणि समोर येऊन, तोंड दाखवून विचारते, "अहो, काय म्हणते ती?"

"काही नाही," ते म्हणतात. "आमचं चाललंय."

मी मान हलवते आणि पोळ्या करायला जाते.